खड्ड्याचं देणं

दोरिकाचं नाव यादीत आलं तेव्हा सगळ्या गावाला आनंद झाला. तिला खताचं पोतं मिळणार म्हणून नव्हे, गावाच्या वाटपात एक पोतं वाढलं म्हणून.

आमच्याकडं हे असंच चालतं. सरकारचं स्वस्तातलं खत लहान शेतकऱ्यांसाठी असतं आणि आमच्या गावात लहान नाही असा शेतकरी नाही. पण नावं निघतात राजधानीत, कुठल्याशा यंत्रातून. एका घराचं निघतं, शेजारच्या चार घरांचं निघत नाही. का, ते त्या यंत्राला ठाऊक. मग ज्यांचं निघालं नाही ते ज्यांचं निघालं त्यांच्याकडं डोळे वटारून बघतात, बोलाचाली बंद होते, कुणाचं पोर आजारी पडलं की करणीचा संशय येतो. म्हणून मालिसेनी मामानं रीत घालून दिली होती. आलेली सगळी पोती गावच्या आंब्याखाली आणायची, तिथंच उसवायची आणि घरटी ताटानं मोजून सारखं वाटायचं.

मालिसेनी आमचा गावप्रमुख. आमच्यात नवरा लग्न करून बायकोच्या गावी येतो आणि घरात शब्द चालतो तो बायकोच्या मामाचा. मालिसेनीला सख्ख्या-चुलत बहिणींची रांग, त्यामुळे निम्मं गाव त्याचं भाचरू आणि उरलेलं निम्मं जावई. सगळेच त्याला मामा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. पुराच्या वर्षी त्यानं आपल्या कणगीतला मका दारोदार पोचवला होता आणि स्वतः हिरवे आंबे उकडून खाऊन दिवस काढले होते. त्यामुळे त्याच्या वाटपाविरुद्ध कुणी चकार शब्द काढत नसे.

फक्त त्या वाटपानं मका पिकत नसे, एवढंच. एका रोपाला सोड्याच्या बाटलीचं झाकण भरून खत लागतं. वाट्याला आलेलं ताट दुसऱ्या-तिसऱ्या सरीतच संपायचं. बायका मग झाकणाऐवजी चिमूट घालायच्या. चिमटीनं रोप फसतं, पोसत नाही. गुडघ्याएवढं झालं की पानं पिवळी पडायला लागतात आणि कणसं येतात ती अंगठ्याएवढी. पण सगळ्यांची सारखीच येतात, त्यामुळे गावात भांडण नव्हतं.

दोरिकानं हे बरीच वर्षं बघितलं. अंगानं काटकुळी, बोलायला कमी, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. त्या वर्षी पाऊस लागून मका वीतभर झाला तरी खत आलं नव्हतं. आलं तेव्हा गोदामापुढं दोन दिवस रांगेत उभं राहावं लागलं. तिच्याबरोबर नवरा सांड्राम होता, उसनी आणलेली सायकल घेऊन. सवलतीचे पैसे भरायला त्यांनी बकरी विकली होती. घरी तिची आई एलुबी म्हातारी पाय सुजून पडलेली, पोरगी लिफा तिच्यापाशी.

गोदामाच्या दुसऱ्या बाजूला मासियेसाहेबांच्या इस्टेटीचा ट्रक उभा होता. मासियेसाहेब पूर्वी राजधानीत मोठ्या हुद्द्यावर होते. आता नदीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्यांचा मका आहे. एवढ्या मोठ्या शेताला हे खत मिळत नाही, कायदा तसा आहे, आणि मासियेसाहेब कायदा मोडत नाहीत. त्यांचा मुकादम इस्टेटीवरच्या ज्या मजुरांची नावं निघालीत त्यांना गोदामापाशी आणतो, पैसे भरतो, आणि मजूर आपापलं पोतं उचलून ट्रकवर चढवतात. दुपारी सगळ्यांना न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणि घेवड्याची आमटी. संध्याकाळी एकेक पायली पीठ. प्रत्येक पोत्यावर निळ्या अक्षरात छापलेलं असतं, ‘फक्त लहान शेतकऱ्यांसाठी’.

आमच्या गावचा लाझारोही त्यात होता. दोरिकाच्या घराला लागूनच त्याचं घर, आणि तो इस्टेटीवर कायमचा मजूर. त्यानं पाठीवर पोतं घेतलं, फळीवरून ट्रकवर गेला, टाकलं आणि अंग झाडत खाली आला. दोरिका त्याच्याकडं बघत होती ते त्याला दिसलं.

“बघतीस काय?” तो म्हणाला. “माझ्याकडं भरायला पैसं कुठं हुतं? नाव घरात ठिवून चाटू काय?”

तेवढ्यात तिचंही पोतं हाती आलं. सांड्रामनं पोतं सायकलवर रबरानं आवळलं आणि दोघं चिखलातून ढकलत निघाली. वाटेत ट्रक मागून आला आणि चिखल उडवत पुढं गेला. सायकल कलंडली. पोतं चिखलात पडलं. दोरिकानं ओंजळीनं पाणी घेऊन ते पोरासारखं धुतलं, आणि मग ती नवऱ्याला म्हणाली की हे आंब्याखाली न्यायचं नाही.

सांड्राम बिचारा घाबरला. आमच्यात जावयाचं तोंड बंदच असतं. बायकोच्या गावात नांदायचं, तर मान खाली घालून नांदायचं. त्याला बायकोच्या मामापुढं उभं राहून बोलणंही जमत नसे, आणि सासूपुढं तर तो नजर वर करत नसे, मग ती खोलीत असली तरी बाहेरून खाकरून जायचा. तो दोरिकाला एवढंच म्हणाला की तू काय करशील ते कर, पण बोलायचं तूच.

बोलली तीच. दुसऱ्या दिवशी आंब्याखाली माणसं ताटं घेऊन जमली, पोती येऊन पडली, आणि दोरिका रिकाम्या हातानं आली. तिनं गुडघे टेकले, टाळ्या वाजवून मामाला नमस्कार केला, जसा करायचा तसा. मग म्हणाली, “मामा, माझं पोतं मी उसवणार न्हाई. यंदा एकदा सगळं माझ्या वावराला घालून बघते. खत वाटून कुणाचंच पिकत न्हाई. माझा मका येऊ द्या, मका वाटते. ज्याला पायजेल त्यानं यावं.”

मग लाझारोनं ताट मांडीवर आपटलं. “ऐकलं का? बाई मका वाटणार हाय. आमी रांगेत बसायचं आणि ही मासियेबाई माप घालणार.”

हसू पसरलं. मासियेबाई हे नाव तिला त्या दिवशी चिकटलं ते कायमचं.

दोरिका त्याच्याकडं वळली. “तुझं पोतं कुठं हाय, लाझारो?”

तो म्हणाला, “माझं गेलं तिकडं गेलं. तिथं माझं चालतंय का? इथं चालतंय, म्हणून इथं बोलतो.”

ह्यावर कुणी हसलं नाही, कारण ते खरंच होतं. पण खरं असलं म्हणून काय झालं. नदीपलीकडं जाऊन मासियेसाहेबांना जाब विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि दोरिका इथं समोर गुडघ्यावर बसली होती. जो तो तिच्यावर तोंडसुख घेऊ लागला. कुणी म्हणालं, पुराच्या वर्षी मामाचा मका खाल्ला तो कसा गोड लागला. कुणी म्हणालं, नवऱ्याची फूस असणार, परगावचा माणूस.

मामानं हात वर केला. त्याला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटली होती असं मला वाटतं. एकीनं पोतं राखलं तर पुढच्या साली सगळे राखतील आणि गाव मोडेल, हे त्याला दिसत होतं. तो सावकाश बोलला.

“बरं. ठेव तुझं पोतं. जो एकटा खातो त्याला आमी काय करणार, त्याचं पोट त्याच्यापाशी. पण दोरिका, माणूस एकटा खाईल, एकटा झोपेल, एकट्यानं स्वतःला पुरून घेता येत न्हाई. तुझ्या घरात मयत झालं तर ह्या गावातलं कुणी खड्डा खणायला येणार न्हाई. हे मी सगळ्यांसमोर सांगतो.”

आमच्याकडं ह्याहून मोठी शिक्षा नाही. मयताच्या रक्तातल्या माणसांनी खड्डा खणायचा नसतो, तो गावातल्या इतरांनी खणायचा. त्यांना मग कोंबडी कापून जेवू घालायचं, आणि त्यांच्या घरी वेळ आली की आपल्या माणसानं कुदळ घेऊन जायचं. गाव म्हणतात ते ह्यालाच. आणि दोरिकाच्या घरात तर एलुबी म्हातारी सुजलेले पाय घेऊन पडली होती, मामाची सख्खी धाकटी बहीण. राग आला की माणसाला आपल्या घरचं दिसत नाही. मामालाही दिसलं नाही.

दोरिका उठली, गुडघ्याची माती झाडली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून नवरा-बायको वावरात लागली. अर्ध्या एकराहून थोडं जास्त रान, मक्याच्या ओळीत तूर. सांड्राम पुढं काठीनं रोपाशेजारी भोक पाडत जायचा, दोरिका मागून झाकण भरून खत घालायची आणि पायाच्या अंगठ्यानं माती लोटायची. झाकण भरून, शीग न लावता, चिमूटभरही कमी नाही. दिवसभर कमरेत वाकून पाठीचा कणा धरायचा. बोटांच्या भेगांत खत जाऊन अशी आग व्हायची की ती मधूनच हात तोंडात घालायची आणि थुंकायची. मध्येच पाऊस यायचा, मग पोत्यावर दोघं अंग टाकून बसायची, आपण भिजलो तरी खत भिजू नये म्हणून. शेवटच्या सरीपर्यंत खत पुरलं. सांड्रामनं रिकामं पोतं झटकलं आणि खाली पडलेले दाणे दोरिकानं वेचून कडेच्या रोपांना घातले.

मग मका असा उठला की काय सांगावं. काळाभोर. पानं हाताच्या पंजाएवढी रुंद, कडेनं तलवारीसारखी. शेजारी लाझारोचं रान, तिथं बायको चिमटीनं खत घालून गेलेली, तो मका पिवळा आणि कानाखाली मारल्यासारखा. दोन्हींच्या मध्ये फक्त एक पायवाट होती. वाटेनं जाणारा माणूस डावीकडं बघायचा, उजवीकडं बघायचा आणि थुंकायचा. एखाद्याला वाटलं असतं की हे बघून तरी गावाचे डोळे उघडतील. उघडले, पण दोरिकाचा राग करायलाच उघडले.

हापशावर ती गेली की बायका आपल्या बादल्या सरकवून घ्यायच्या, तिचा विटाळ होईल अशा. गिरणीत तिचं दळण शेवटी. मासियेबाईचं पीठ मऊ दळ रे, अशी मस्करी. लिफाबरोबर पोरी खेळेनात. दोरिका कुणाशी भांडली नाही. संध्याकाळी वावराच्या बांधावर मात्र बसायची, आणि तिथं तिचा चेहरा सैल व्हायचा. सांड्राम इस्टेटीवर रोजानं खुरपायला जायचा. तिथंही मका काळाच होता, नदीपासून डोंगरापर्यंत, आणि त्याच्यावर कुणीच थुंकत नव्हतं.

मक्याला केस फुटले आणि एलुबी म्हातारी गेली.

सकाळची वेळ. दोरिका तिला पेज पाजत होती, दोन घोट घेतले आणि तिसरा ओठाबाहेर आला. दोरिकानं वाटी खाली ठेवली. मग तिनं हंबरडा फोडला. आमच्याकडं तो आवाज ऐकला की गाव हातातलं काम टाकून धावतं. बायका आल्या. रडण्यावर मामानं बंदी घातली नव्हती, त्यामुळे त्या आत जाऊन जमिनीवर बसल्या आणि मन लावून रडल्या. पुरुष आले नाहीत.

मामा आला. बहिणीच्या पायाशी बसला, तिच्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवला. लहानपणी तिला पाठीवर घेऊन तो नदी ओलांडायचा, हे सगळ्या गावाला त्यानं कितीदा सांगितलेलं. तो बाहेर आला तेव्हा अंगणात सांड्रामशिवाय कुणी नव्हतं. मामा त्याच्याकडं न बघता लाझारोच्या दारी गेला.

लाझारो उंबऱ्यात उसाचं कांडं सोलत होता. मामानं सांगितलं की माझी बहीण गेली, माणसं गोळा कर.

“मामा, तुमीच म्हणाला हुता.”

“व्हय, म्हणालो हुतो.”

“मग आता तुमचं मयत म्हणून उठायचं, आणि आमचं असतं तर? रीत सगळ्यांना सारखी पायजे. तुमीच शिकवलं.”

मामा दारोदार हिंडला. कुणाची पाठ दुखत होती, कुणाला इस्टेटीवर जायचं होतं. उद्धट कुणीच बोललं नाही. त्याचाच शब्द जपून, नीट घडी करून, प्रत्येकानं त्याच्या हातात परत दिला. जाताना ताठ गेलेला म्हातारा परत आला तो काठीवर भार टाकून.

दिवस उकाड्याचे. दुपारपासून घरात वास सुटायला लागला. बायकांनी धूप म्हणून निलगिरीचा पाला जाळला. दुसऱ्या दिवशी पहाटे सांड्रामनं कुदळ खांद्यावर टाकली आणि मसणवटीच्या राईकडं निघाला. दोरिका त्याला अडवायला गेली नाही. ज्या सासूला त्यानं कधी तोंड वर करून बघितलं नाही तिचा खड्डा खणायला जावई निघाला, ह्याहून बेअब्रू कुठली. मामानं वाटेत हात आडवा धरला तेव्हा तो पहिल्यांदाच मामाशी नजर भिडवून बोलला. “मग कुणाला बोलवू?” मामाचा हात खाली आला.

राईत पावसानं माती भिजून जड झालेली, खाली मुळांचं जाळं. सांड्रामनं मांडीइतकं खणलं तोवर बाजू ढासळून निम्मं परत भरलं. त्याच्या हाताचे फोड फुटले. खड्ड्यात पाणी झिरपायला लागलं. तो त्या पाण्यात बसून राहिला.

तेवढ्यात ट्रॅक्टर वाजला. सांड्राम कामाला आला नाही म्हणून मुकादमानं चौकशी केली होती, आणि मासियेसाहेबांच्या कानावर गेलं होतं. ट्रॅक्टरमागं ट्रॉली आणि ट्रॉलीत माणसं, खोरी, कुदळी, एक पाणी उपसायचा पंपसुद्धा. मुकादम उतरला आणि म्हणाला, “चला. आजची हजेरी हितंच.”

ट्रॉलीतून लाझारो उतरला. त्याच्या मागं ज्याची पाठ दुखत होती तो. त्याच्या मागं आमच्याच गावातले बाकीचे. सांड्रामला त्यांनी हात देऊन खड्ड्यातून वर काढलं आणि आपण उतरले. काम मात्र चोख केलं. पाणी उपसलं, मुळं तोडली, बाजू तासून सरळ केल्या, आत बाजूला कोनाडा काढला, जसा काढायचा तसा. आपल्या माणसाचा खणावा तसाच खड्डा. मुकादम मधूनमधून घड्याळाकडं बघत होता.

माती देताना मासियेसाहेब स्वतः आले. गाडी राईबाहेर ठेवून चिखलातून चालत आले, टोपी काढून उभे राहिले. इस्टेटीच्या सुतारानं केलेली पेटी त्यांनीच पाठवली होती, पिठाचं पोतं आणि साखरही. मामानं गुडघे टेकून टाळ्या वाजवल्या, पुन्हा पुन्हा, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं. साहेब म्हणाले, “म्हाताऱ्या माणसाला असं तिष्ठत ठेवू नये. कसलं गाव हे?” त्यांचं काही चुकलं नव्हतं, हेच तर वाईट.

दोरिकानं रीतीप्रमाणं कोंबडी कापली होती, न्सिमा वळून ठेवला होता. खड्डा खणणाऱ्यांनी मयताच्या घरी जेवायचं असतं, तेव्हाच ते देणं फिटतं. पण मुकादमानं माणसं ट्रॉलीत चढवली. त्यांचं जेवण इस्टेटीवर आहे, म्हणाला, हजेरीतलं. लाझारोनं खाली मान घालून एकदा अंगणाकडं बघितलं. कोंबडीचा वास येत होता. ट्रॉली निघून गेली आणि न्सिमा पातेल्यात थिजून गेला.

दोरिकाचा मका आमच्या गावात कुणी बघितला नव्हता असा आला. कणगी भरून घरात ढीग लावावा लागला. तिनं तो वाटला नाही. पेरणीच्या आधीचे उपाशी महिने आले, लोक दिवसातनं एकदा जेवायला लागले, तेव्हा लाझारोची बायको येऊन तिच्या अंगणात बसली. काही मागितलं नाही, नुसती बसली. दोरिकानं तिला पाणी दिलं. ऊन उतरेपर्यंत दोघी समोरासमोर बसल्या आणि मग लाझारोची बायको उठून गेली. पूर्वीची दोरिका अशी नव्हती. वाईट वाटतं, पण तिला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

पुढच्या पावसाला नावं पुन्हा निघाली आणि त्यात दोरिकाचं नाव पुन्हा होतं. गावात पहिल्यांदाच कुणी ताटं घासून ठेवली नाहीत. मामानं घरोघर जाऊन माणसांची समजूत काढली होती. बहीण गेल्यापासून तो वाकला होता, पण ह्या कामासाठी त्यानं अंगात बळ आणलं. दोरिकाचं वावर आणि बाकीची वावरं सगळ्यांनी बघितलीच होती. ठरलं असं की ज्यांची नावं आलीत त्यांनी आपलं पोतं सबंध वापरावं आणि पिकलं की बाकीच्यांना मका द्यावा. म्हणजे दोरिका गुडघ्यावर बसून जे म्हणाली होती, तेच. लाझारोनंसुद्धा मान हलवली होती.

हे तिला सांगायला मामा काठी टेकत गोदामापर्यंत चालत गेला. दोरिका पैसे भरून पोतं घेऊन बाहेर येत होती. सांड्राम सोबत होता, सायकल नव्हती. मामानं तिला थांबवून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, “तुझं खरं हुतं, पोरी. माझं चुकलं.”

गावप्रमुखानं भाचीला असं म्हणणं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. रांगेतली माणसं मागं वळून बघायला लागली.

दोरिकानं पोतं डोक्यावर नीट बसवलं. “बरं झालं, मामा. बाकीच्यांचं पिकंल,” ती म्हणाली. “पण माझं पोतं इस्टेटीला चाललंय.”

मामाला वाटलं मुकादमानं मागितलं. तिनं सांगितलं की कुणी मागितलेलं नाही. पैसेही तिनंच भरले आहेत.

“मग का?”

“आईचा खड्डा त्यांनी खणला. माझ्या घरी जेवली न्हाईत माणसं, देणं तसंच ऱ्हायलं. ज्यानं खड्डा खणला त्याचं देणं फेडल्याबगार आई शांत ऱ्हायची न्हाई. तुमीच सांगायचा की हे.”

मामा म्हणाला की खणणारी माणसं आपल्याच गावची होती.

“हात गावचं हुतं,” दोरिका म्हणाली. “हजेरी त्यांची हुती.”

ती ट्रकपाशी गेली. वर लाझारो उभा होता. त्यानं पोत्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि हात पुढं करीना. मुकादमानं खालून हाक मारली तेव्हा त्यानं वाकून पोतं ओढून घेतलं आणि बाकीच्या पोत्यांवर टाकलं. मुकादमानं दोरिकाला पायलीभर पीठ देऊ केलं. ते तिनं घेतलं नाही.

मामा अजून तिथंच होता. “आणि तुझ्या मक्याला काय घालशील?”

“काही न्हाई,” ती म्हणाली. “पिवळा पडंल. आता तरी कुणाचं पोट दुखायचं न्हाई.”

ट्रकनं हॉर्न दिला. मामाला दंडाला धरून तिनं रस्त्याच्या कडेला घेतलं, आणि ट्रक जाईपर्यंत दोघं तिथंच चिखलात उभी राहिली.